पंधरा तासांची पेटी

चंदूने विमानतळ कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. तरी न्यूयॉर्क ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, सरळ विमानाने पंधरा तास, हे त्याला तोंडपाठ होतं. सोनिवलीच्या भातशेतांवर टॉवर उभे राहिले, टॉवरांतली पोरं परदेशी गेली, आणि मागे कुणाची मयत झाली की तिरडी बांधायला चंदूच उरला. पूर्वी तो बांबू-सुतळी घेऊन सरळ कामाला लागायचा. आता आधी विचारावं लागे, "पोरगा कुठल्या देशात हाय?" तासांवरून ठरायचं, प्रेत ठेवायला विजेवरची बर्फाची पेटी आणायची की नाही. या असल्या मोजमापाची त्याला किळस होती.

चौथ्या मजल्यावरच्या कुमुदिनीकाकू त्याच्याकडून वर्षानुवर्षं भाजी घेत. एकदा वालाच्या शेंगा निवडता निवडता त्या म्हणाल्या, "चंदू, मला मात्र त्या पेटीत घालू नकोस हं. मासळीसारखं बर्फात ठेवलेलं मला नाही चालायचं." चंदूने गळ्याला चिमटा काढून शब्द दिला होता.

सोमवारी सकाळी काकू गेल्या. लेक सई उशाशी होती. सहा महिने रोज अंबरनाथहून येऊन तिनेच आईचं हगणं-मुतणं काढलं होतं. चंदू बांबू घेऊन पोचला, तर काकूंचे दीर विष्णुपंत दारातच उभे.

"अनीश न्यूयॉर्कहून निघतोय. तोवर थांबायचं."

"काकू नको म्हनल्या व्हत्या, पेटी."

"काका, आईने मलाही सांगितलं होतं," सई म्हणाली.

"एकुलता एक मुलगा आहे! पंधरा तासांचा तर प्रश्न."

मोठ्या माणसापुढे चंदूने शब्द गिळला आणि स्वतःच जाऊन पेटी आणली.

हॉलमध्ये पेटी घरघरत राहिली. भोवती बसलेली माणसं चहा ढोसत मोबाइलवर विमानं शोधत होती. दुबईमार्गे वीस तास की सरळ पंधरा, यावर चांगली जुंपली. एकाने तर आपल्या सिंगापूरच्या सहलीचं पुराण लावलं. चंदू उठून दाराशी गेला. मेलेल्या बाईच्या पायाशी बसून यांना सहली आठवतात!

मंगळवार उजाडला आणि मावळलाही. अनीश उगवला बुधवारी दुपारी, चाकांची बॅग ओढत.

"पंधरा तासांला दोन दिस लागले?" चंदूने विचारलंच.

"एक मीटिंग होती, ती उरकून निघालो. आई बॉक्समध्ये आहे म्हटल्यावर तशी घाई नव्हती ना."

चंदूला शिसारी आली. पोराची आली, विष्णुपंतांची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. ही सवड पोराला चंदूने आणलेल्या पेटीनेच दिली होती.

त्याने तिरडी बांधली, काकूंच्या गार पडलेल्या गालांवरचं पाणी पुसलं. विस्तव घातलेलं मडकं उचललं तसा अनीशने हात पुढे केला. चंदूने ते सईच्या हातात दिलं.

"अरे, मुलगा उभा आहे ना!" विष्णुपंत ओरडले.

"अंबरनाथ आठ किलोमीटर हाय," चंदू म्हणाला. "ही रोज आली."

सई मडकं घट्ट धरून पुढे झाली. कुणी आडवं आलं नाही. चंदू खांदा द्यायला वाकला आणि काकूंच्या कानाशी पुटपुटला, "शब्द मोडला, काकू. दोन दिस बर्फात ठेवलं तुमाला."