आत्या आणि विमानतळावरची एकरुळी गाडी

माझी धाकटी आत्या कपडे दुरुस्त करते. नवे शिवत नाही. "नवं कुणीही शिवेल, बिघडलेलं सुधारायला अक्कल लागते," असं तिचं म्हणणं. बस स्टँडच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान आहे. दोन शिलाई मशिनी आणि दोन माणसं मावतील एवढं; तिसरं गिऱ्हाईक आलं की पहिल्याला पायरीवर उतरावं लागतं. तिथे बसून चौतीस वर्षं ती लोकांच्या पँटी कमरेत सैल करते आहे. रविवारी मात्र दुकानाला कुलूप आणि आत्या रेल्वेत.

तिला कुठे जायचं नसतं. ज्या मार्गावर आजवर बसलो नाही तो शोधायचा, शेवटच्या स्टेशनापर्यंत जायचं, फलाटावर चहा प्यायचा, परत यायचं आणि वहीत नोंद करायची. आतोबा पोस्टातून निवृत्त झालेले. ते कधी सोबत गेले नाहीत. "परतच यायचं असेल तर मी आधीच परत आलेला बरा," असं म्हणून ते पेपर उघडतात.

या छंदाचं एक मंडळही आहे. सभासद तीन. आत्या, चष्म्याच्या दुकानाचे मालक चष्मेवाले, आणि बँकेत मॅनेजर होते ते बँकवाले. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चष्म्याच्या दुकानात, डोळे तपासायच्या अक्षरांच्या तक्त्याखाली सभा भरते. मंडळाचा नियम एकच, आणि तो बँकवाल्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलाय: 'रूळ, डबा आणि किमान दोन थांबे असतील तर ती रेल्वे.' बँकवाल्यांचे मार्ग होते दोनशे चौदा, आत्याचे दोनशे तेरा. चष्मेवाल्यांचे एक्केचाळीस. त्यांना गाडीत मळमळतं.

तर झालं असं, की आत्या आणि आतोबा लेकीकडे निघाले. लेक परदेशी, त्यामुळे वाटेत विमान बदलायचं. पहिलं विमान सकाळी एका इमारतीपाशी लागलं, दुसरं तीन तासांनी दुसऱ्या इमारतीतून सुटणार, आणि दोन्हींच्या मधे एक गाडी. दोन डब्यांची, ड्रायव्हर नाही, दर चार मिनिटांनी येणारी.

आत्या बसली, उतरली आणि जागच्या जागी थबकली.

"ही रेल्वे आहे का हो?" तिने आतोबांना विचारलं.

"ही सरकती खोली आहे. चल."

"डबा आहे. दोन थांबे आहेत. रुळाचं तेवढं बघायला हवं."

आतोबांना गेटपाशी बसवून, दोन्ही बॅगा त्यांच्या हवाली करून, ती 'आलेच' म्हणून परत फिरली. गाडी आवाज न करता चालायची, ही तिची पहिली शंका. रुळावरून जाणारी गाडी खडखडायला हवी. खाली डोकवावं तर फलाटाला काचेच्या भिंती. ती सहा वेळा इकडून तिकडे गेली. कधी पुढच्या डब्यात, कधी मागच्या. एकदा तर जमिनीला कान लावून. शेजारच्या बाईने आपली जागा तिला देऊ केली. सातव्या फेरीला तिने गळ्यातली मोजपट्टी काढली. झोपायची वेळ सोडली तर आत्या मोजपट्टी गळ्यातून काढत नाही. डबा आणि फलाट यांच्या फटीतून तिने ती हळूच खाली सोडली. काही कडक लागतंय का, एवढंच बघायचं होतं.

तेवढ्यात दार बंद झालं. मोजपट्टी दारात अडकली, गाडी जागीच थांबली आणि वरून एका गोड आवाजात 'दारातील अडथळा दूर करावा' असं सारखं ऐकू येऊ लागलं. अकरा मिनिटं सगळा खोळंबा. दोन्ही इमारतींत मिळून चारेकशे माणसं उभी राहिली.

आत्याला सुरक्षा कार्यालयात नेलं. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि लोकांकडून काढून घेतलेल्या कात्र्यांनी भरलेली एक बादली. आत्याचं अर्धं लक्ष बादलीकडे. तिथले साहेब भला माणूस, पण गोंधळून गेलेले.

"बाई, तुम्ही काय करत होता?"

"रूळ बघत होते."

"कशासाठी?"

"आहे की नाही ते कळायला."

"आणि असला तर?"

"तर दोनशे चौदा होतील."

साहेबांनी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी गाड्यांची देखभाल करणाऱ्या मेस्त्रीला बोलावलं. तो मोजपट्टी घेऊनच आला. तिचे टोकाकडचे चार इंच कायमचे गेले होते. "चाकं रबरी आहेत मावशी," तो म्हणाला. "पण मधोमध लोखंडाचा एक रूळ आहे. गाडी त्याला धरून चालते."

"पट्टी की रूळ? नीट सांगा."

"आम्ही रूळच म्हणतो."

"मग लिहून द्या."

"अहो, लिहून तुम्ही द्यायचंय," साहेब म्हणाले. शेवटी दोन्ही झालं. आत्याने पुन्हा असं करणार नाही म्हणून माफीनामा लिहिला, आणि मेस्त्रीने त्याच कागदाच्या मागे 'रूळ एक आहे' असं लिहून सही केली. साहेबांनी तिला झेरॉक्स काढून दिली.

विमान अर्थातच गेलं होतं. बायकोचं नाव तीनदा पुकारलेलं ऐकत आतोबा दोन बॅगांच्या मधे बसून होते. त्यांनी एक बॅग तिच्या हातात दिली. मग म्हणाले, "सापडला का?"

"एकच आहे."

"मग अर्धी धर."

संध्याकाळच्या विमानात जागा मिळाली. लेकीने फोनवर जे बोलायचं ते बोलून घेतलं.

तीन आठवड्यांनी परत येताना पुन्हा तोच विमानतळ, तीच गाडी. ड्रायव्हर नसल्यामुळे पुढची काच सगळी मोकळी. आतोबा काचेसमोर जाऊन उभे राहिले, हात पाठीमागे बांधून, एखाद्या कप्तानासारखे. दुसरी इमारत आली तरी उतरले नाहीत. असं चार वेळा. शेवटी आत्याच म्हणाली, "चला आता, विमान चुकेल."

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आत्याने झेरॉक्स मंडळापुढे ठेवली. बँकवाल्यांनी ती दोनदा वाचली.

"एक रूळ म्हणजे रेल्वे नव्हे. नियमात 'रूळ' असं लिहिलंय, म्हणजे दोन."

"दोन असं कुठे लिहिलंय?" आत्या म्हणाली. "एक असला तरी रूळ, दहा असले तरी रूळच. घोळ भाषेत आहे, माझ्यात नाही."

बँकवाल्यांनी झेरॉक्स तिसऱ्यांदा वाचायला घेतली. तेव्हा तक्त्यासमोर डोळे तपासून घ्यायला बसलेलं एक गिऱ्हाईक, नाकावर तपासणीची जड फ्रेम तशीच ठेवून, म्हणालं, "माफ करा, पण मी लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टलाही रूळ असतात. चांगले दोन. दोन्ही बाजूंना."

रूळ, डबा, किमान दोन थांबे. चष्मेवाले सहाव्या मजल्यावर राहतात. त्यांची सासुरवाडी नवव्या मजल्यावर. त्यांनी हळूच कागद ओढला आणि लिहायला सुरुवात केली. दवाखान्याच्या तीन लिफ्ट, महापालिकेच्या दोन, मेव्हण्याच्या ऑफिसातल्या आठ. "लिफ्टमधे मला मळमळत नाही," ते मान खाली घालूनच म्हणाले.

बँकवाल्यांचं घर तळमजल्यावर, आणि त्यांनी तीस वर्षं नोकरी केली ती बँकही तळमजल्यावर. त्यांनी लगेच दुरुस्ती सुचवली: 'रूळ आडवे असावेत.' चष्मेवाले विरुद्ध. आता सगळं आत्याच्या एका मतावर आलं. तिने चहाचा एक घोट घेतला, मग दुसरा.

"आडवे असावेत, हे मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण 'एक किंवा अधिक' असंही लिहा."

बँकवाल्यांनी दात-ओठ खात लिहिलं. लिफ्ट गेल्या, एकरुळी आली. आत्याचे दोनशे चौदा झाले. बरोबरी. तिने पेढे मागवू का म्हणून विचारलंसुद्धा. तेवढ्यात बँकवाल्यांचा चेहरा पालटला. सहा वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नाला जाताना ते त्याच विमानतळावर त्याच गाडीत बसले होते. पुरावा म्हणून घरच्या फायलीतून जुना बोर्डिंग पास निघाला. असले कागद ते फेकत नाहीत. त्यांचे दोनशे पंधरा.

"तुला राग नाही आला?" मी आत्याला नंतर विचारलं.

"आला ना. घरी येऊन एका बाईची पँट इतकी सैल केली की ती दुसऱ्या दिवशी परत घेऊन आली."

गेल्या महिन्यात पेपरात बातमी होती, की दूरच्या एका विमानतळावर अशीच नवी गाडी सुरू झाली आहे. त्या गावात ना आत्याचं कुणी आहे, ना बँकवाल्यांचं. एकमेकांना पत्ता लागू न देता दोघांनी तिकिटं काढली. निघाली ती एकाच विमानाची, एकाच रांगेतली. खिडकीशी बँकवाले, कडेला आत्या, आणि मधल्या खुर्चीत आतोबा, पेपर न उघडता.