वग्दीचं नाक

कैरोच्या अताबा बाजारात चिकटवायच्या फवाऱ्याचे डबे ढिगाने मिळतात, पण त्यांच्या लेबलवर विश्वास ठेवणारा नवखा तरी असतो नाहीतर मूर्ख. डबे परत परत दुसऱ्याच गोंदाने भरलेले असतात. म्हणून जुने मायक्रोफोन दुरुस्त करणारा वग्दी बिशारा कागदावर एक फवारा मारून हुंगायचा. गोडसर वास आला की तो गोंद मायक्रोफोनमधला स्पंज खाणारा, उग्र आला की बिनधोक. त्याच धंद्यातले बाकीचे लोकही डबे त्याच्याकडेच हुंगायला आणत, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

गेल्या हिवाळ्यात तापानंतर त्याचं नाक गेलं. डाळ करपली तरी कळेना. बायकोला त्याने चकार शब्द सांगितला नाही. दुकानात तो हुंगण्याचं नाटक करी आणि अंदाजाने मान डोलावी. मला त्याची कीव येते, पण रागही येतो.

एके सकाळी इक्बाल आपल्या वारलेल्या नवऱ्याचा, सबरीचा, मायक्रोफोन घेऊन आली. तो जत्रांतून देवाची गाणी गायचा. संध्याकाळी त्याचा चाळीसावा, म्हणजे मृत्यूनंतरच्या चाळीसाव्या दिवसाचा विधी होता, आणि त्याच मायक्रोफोनवर त्याचा भाऊ गाणार होता. जाळीमागचा स्पंज तेवढा भुगा झाला होता.

"उस्ता," तिने कारागिराला मारतात तशी हाक मारली, "आवाज तोच राहील ना?"

"वहिनी, माझ्या हातून कधी बिघडलंय का?"

"नाही, म्हणून तर आले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता."

वग्दीने नवा स्पंज कापला. काही गोंद स्पंज सावकाश खातात, म्हणून तुकड्यावर फवारून रात्रभर ठेवलं असतं तरच पक्की खात्री झाली असती. पण ती समोर बसलेली, आणि चाळीसावा संध्याकाळीच. वग्दीने डबा उचलला, हुंगला, ऐटीत मान हलवली आणि स्पंज चिकटवून जाळी बसवली.

चहा संपेपर्यंत स्पंज आत विरघळला आणि त्याचा चिकट गोळा खाली असलेल्या, कांद्याच्या सालीहून पातळ अशा अॅल्युमिनियमच्या पट्टीवर पडला. पट्टी फाटली; आवाज तीच पकडायची. तपासताना आवाज येईना, म्हणून त्याने जाळी उघडून बघितली आणि मायक्रोफोन खाली ठेवला.

"काय झालं?"

"वहिनी, मला वास येत नाही. हिवाळ्यापासून."

इक्बाल मायक्रोफोन ओढणीत गुंडाळत म्हणाली, "सकाळी सांगितलं असतंस तर मी थांबले असते रे. मला कुठे घाई होती? चाळीसाव्याला त्याचा भाऊ नुसत्या गळ्याने गायला असता."