तीन फुटांचा ओटा

कालिंदी देवस्थळीने आयुष्यात नवऱ्याकडे एकच वस्तू मागितली. पाटल्या नाहीत, शालू नाही, काशीयात्रा तर नाहीच. काशी कलकत्त्याहून एका रात्रीच्या अंतरावर, तिथे ती दोनदा जाऊन आली होती. तिला स्वयंपाकघरात ओटा हवा होता. ज्याच्यापुढे उभं राहून पोळ्या लाटता येतील असा साधा, दगडी ओटा.

भवानीपूरच्या गल्लीतलं ते चार खोल्यांचं घर सासऱ्यांनी एका बंगाली कुटुंबाकडून घेतलेलं. त्यामुळे स्वयंपाकघराचा सगळा कारभार जमिनीवर. कोळशाची शेगडी जमिनीवर, विळी जमिनीवर आणि मोरी जमिनीच्याही वीतभर खाली. लग्न होऊन आली तेव्हा कालिंदी अठरा वर्षांची होती. त्या वयात आपल्याला गुडघे आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अडुसष्ट साली ती अडतीस वर्षांची झाली आणि एका सकाळी पाटावरून उठताना तिच्या तोंडून "आई गं" निघालं. त्याच दिवशी तिने नवऱ्याजवळ विषय काढला.

नवरा श्यामकांत गार्डन रीचला रेल्वेच्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता. पूल, फलाट, सिग्नलच्या केबिनी यांचे नकाशे काढण्यात त्याची हयात चाललेली. एखाद्या सुताराशी, शिंप्याशी, अगदी तारमास्तराशी लग्न केलं असतं तरी कालिंदीचा ओटा आठ दिवसांत झाला असता. पण तिचं नशीब असं की नवरा जाणकार निघाला.

"ओटा असा सुटा बांधत नाहीत," श्यामकांत म्हणाला. "आधी सगळ्या घराचा आराखडा व्हायला हवा. ओटा आला की मोरी सरकते, मोरी सरकली की नळ सरकतो, नळ सरकला की न्हाणीघराची भिंत आली."

"मला भिंत नकोय हो. ओटा हवाय."

"अगं, तेच सांगतोय मी."

तरी त्या रविवारी त्याने तिचं माप घेतलं. तिला भिंतीला टेकून उभं केलं, कोपरं दुमडायला लावली, पट्टी धरली, एक डोळा मिटून नीट पाहिलं. कालिंदीची उंची चार फूट नऊ इंच. वर ठेवायच्या शेगडीची उंची वजा करून ओटा आला दोन फुटांचा. कागदावर त्याने सुबक अक्षरात लिहिलं, 'सौ. कालिंदी : ओटा २ फूट'. लग्नाला वीस वर्षं झाली होती. इतकं निरखून त्याने तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. तिला लाज वाटली आणि खरं सांगायचं तर फार आनंद झाला. वेडी बिचारी.

आराखडा तयार झाला. मग सुधारित आराखडा तयार झाला. मग सुधारित आराखड्यात सुधारणा झाली. ओट्याबरोबर खिडकी आली, खिडकीबरोबर गच्चीचा जिना, जिन्याखाली पुस्तकांचं कपाट. एका वर्षी सिमेंट मिळेना. पुढच्या वर्षी शहरात रोज गडबड, मिस्त्री कामावर यायला तयार नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी सिमेंट होतं, मिस्त्री होता, पण जिन्याच्या पायऱ्या श्यामकांतच्या मनासारख्या बसत नव्हत्या. घरी कुणी आलं की तो भेंडोळं उलगडायचा आणि चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवायला सांगायचा. पाहुणे "वा, वा" करायचे. कालिंदी जमिनीवर बसून त्यांच्यासाठी थालीपीठ लावायची आणि वाट्या कमी पडल्या की ताटलीत चटणी द्यायची.

या काळात तिने भांडण केलं नाही असं नाही. दोनदा अबोला धरला. पण अबोला धरून होणार काय? त्याला नकाशा काढायला शांतताच हवी असायची.

त्र्याहत्तर साली चैत्रात टॉलीगंजला शकुनकडे हळदीकुंकू होतं. शकुन म्हणजे श्यामकांतच्या कचेरीतल्या भालचंद्रची बायको, चांगली उंचीपुरी. त्यांनी नुकतंच घर सुधारून घेतलं होतं. कालिंदी हातपाय धुवायला आत गेली आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. खिडकीखाली काळ्या दगडाचा ओटा होता, नवाकोरा.

"भाऊजींच्याच नकाशाबरहुकूम बांधला बरं का, ताई," मागून शकुन म्हणाली. "ह्यांनी मागून आणला होता. पण मला मेला ठेंगणा पडतो. वाकून वाकून कंबर मोडते. कुणाच्या मापाने काढलाय देव जाणे."

कालिंदी पुढे झाली. ओट्यावर कैऱ्या पडल्या होत्या, शेजारी विझलेल्या शेगडीवर परात आणि परातीत किसणी होती. तिने एक कैरी उचलली आणि उभ्याउभ्या किसायला लागली. खांदे उचलावे लागत नव्हते की पाठ वाकवावी लागत नव्हती. शकुन "अहो, तुम्ही कशाला, बाहेर बसा" म्हणत राहिली, पण ही सगळ्या कैऱ्या किसून मोकळी झाली. तेवढा वेळ तिचे गुडघे गप्प होते. आपला ओटा या जगात आहे, तो टॉलीगंजला दुसऱ्या बाईच्या घरात आहे आणि त्या बाईला तो आवडत नाही, हे तिला कळलं. कैरीची डाळ तिने खाल्ली नाही. 

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. श्यामकांत हसला.

"अरेच्चा! आकडा बदलायचा राहिला वाटतं. पण बघ, तुला बरोबर बसला ना? म्हणजे नकाशा अचूक होता."

कालिंदीला त्या क्षणी तो माणूस डोळ्यांसमोर नकोसा झाला. ती आत गेली, पाटावर बसली आणि कणीक तिंबायला घेतली. दुसरं काय करणार? रात्रीच्या जेवणाला पोळ्या तर लागणारच होत्या.

सत्त्याहत्तर साली मुलाचं, मनोहरचं लग्न ठरलं. मुलगी नागपूरची, नाव सुनीती. पत्रिका आली, फोटो आला, मनोहर जाऊन पसंत करून आला. आणि नऊ वर्षं न हललेलं घर आठ दिवसांत हललं. आधी जिना रद्द झाला, मग खिडकीही रद्द झाली. मोरी होती तिथेच राहिली आणि नळालाही कुणी हात लावला नाही. ओटा सुटा बांधता येतो, असं श्यामकांतला अचानक समजलं.

"नव्या मुलीला काय जमिनीवर बसवायचं?" तो म्हणाला. "तिच्या माहेरचे काय म्हणतील!"

कालिंदीचं माहेर कधी काही म्हणालं नव्हतं. तिने डोळे पुसले, पण मनातून तिला बरंच वाटत होतं. कुणाच्या का निमित्ताने होईना, ओटा होतोय. लग्नानंतर सून काही पहिल्या दिवसापासून चुलीशी उभी राहणार नाही. सणावाराला सगळा स्वयंपाक आपल्याच हातचा. तिने मिस्त्री यायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघर एकटीने रिकामं केलं.

मिस्त्री मुर्शिदाबादचा, म्हातारा, हातवाऱ्यांनी कमी बोलणारा आणि तोंडाने त्याहून कमी. त्याची एक रीत होती. ओटा बांधायचा तर घरात जी रांधते तिला उभं करायचं, तिने कोपर दुमडलं की खाली चार बोटं मोजायची आणि भिंतीवर कोळशाने रेघ मारायची. कागद तो बघत नसे. आल्याआल्या त्याने कालिंदीकडे पाहून म्हटलं, "माँ, एकटू दाँडान तो."

आई, जरा उभ्या राहा. कालिंदी पुढे होऊन भिंतीला टेकली. पदर सावरला, कोपरं दुमडली. नऊ वर्षांपूर्वी उभी राहिली होती तशीच.

"उनि नय," श्यामकांत म्हणाला. "बउमा."

ह्या नाहीत, सूनबाई. मिस्त्रीने इकडेतिकडे पाहिलं. सूनबाई कुठे दिसेना. श्यामकांतने खिशातून पत्रिकेची घडी काढली. त्यात उंची लिहिलेली होती, पाच फूट पाच इंच. तेवढ्यावरून त्याने हिशेब करून ठेवला होता. शिवाय सून आली म्हणजे गॅस आलाच, नंबर लावलेला होता, तेव्हा शेगडीची उंची या वेळी वजा करायची नव्हती. ओटा तीन फूट.

मिस्त्रीने भिंतीला टेकलेल्या कालिंदीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तिच्या बाजूची जागा मोजून कोळशाची रेघ मारली. रेघ तिच्या कोपरांच्याही वर गेली. तिने हात खाली सोडले आणि बाजूला झाली, कारण तिच्यामुळे सिमेंटची पाटी आणणाऱ्याला वाट मिळत नव्हती.

पत्रिकेतली उंची म्हणजे काय असते हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्यात एक इंच चपलेचा असतो, एक अंबाड्याचा आणि उरलेले दोन मुलीच्या बापाच्या काळजीचे. सुनीती निघाली पाच फूट एक इंच. गॅसचा नंबर काही लागला नाही. तीन फुटांच्या ओट्यावर शेगडी ठेवली की भातात काय चाललंय हे बघायला नव्या नवरीला टाचा उंच कराव्या लागत. एकदा वाफेने तिचं मनगट भाजलं. मनोहरने गुपचूप सरकारी क्वार्टरसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी बायकोला घेऊन सॉल्ट लेकला राहायला गेला. तिथे ओटा सरकारने आयता बांधून दिलेला होता.

कालिंदीने नव्या ओट्यापुढे पाटावर उभं राहून पाहिलं, दोन पाट एकावर एक ठेवूनही पाहिलं. पण आता तिला उभंच राहवत नव्हतं. गुडघे सुजून भोपळ्यासारखे झाले होते. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं जमिनीवर का बसलात? तिने शेगडी पुन्हा खाली उतरवली आणि ओट्याच्या पायाशी पाट मांडला.

ओटा मात्र वाया गेला नाही. एका रविवारी श्यामकांतने त्यावर सहज कागद पसरला आणि खूश झाला. त्याच्या उंचीला तो तंतोतंत होता. खिडकी नसली तरी वर दिवा होता, दगड गुळगुळीत होता, पट्टी सरळ बसत होती. निवृत्ती जवळ आली होती आणि घरात ड्रॉइंगचं टेबल नव्हतं. त्या दिवसापासून तो रोज सकाळी तिथे उभा राहून काम करायचा आणि कालिंदी त्याच्या पायांशी बसून स्वयंपाक करायची.

"धूर जरा तिकडे वळव," तो म्हणायचा. "कागद काळा पडतो."

एका सकाळी तिने विचारलं, "आता काय काढताय?"

"न्हाणीघर. तुझ्यासाठीच. गुडघेदुखीच्या माणसाला बसायला उंच हवं ना. पण आधी सगळ्या घराच्या मोऱ्यांचा उतार ठरवावा लागेल."

"माप घ्यायचंय माझं?"

"नको. अडुसष्टचं आहे माझ्याकडे."

शेगडीवर वरण होतं, फडताळातलं हिंग आणायचं राहिलं होतं. उठायला तिने आधारासाठी हात वर केला. मध्ये तो उभा, ओट्याची कड हाताला लागेना. मग तिने त्याच्या लेंग्याचा काठ धरला.

"थांब, थांब. हलवू नकोस. रेघ पुरी होऊ दे."

तिने काठ सोडला आणि बसून राहिली. रेघ लांब होती, मोरीपासून गल्लीच्या गटारापर्यंत जाणारी. ती पुरी झाली, मग तिच्यावर आकडे आले, आकड्यांवर बाण आले. कालिंदी वर बघत होती. तिथून तिला फक्त ओट्याची खालची बाजू दिसत होती.

"वरण लागलं वाटतं," तो वरून म्हणाला.