हिरव्यात दाणे नव्हते

काकूंचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. त्यांच्या आणि माझ्या खोलीत एकच भिंत होती, आणि तीही एका विटेची. त्यांची कॉट करकरली की मी समजायचो, पावणेपाच. घड्याळ बघायची गरज मला अकरा वर्षांत पडली नाही. साडेपाचला त्या बाहेर पडायच्या. बस मिळाली असती, पण त्या चालत जायच्या. पस्तीस मिनिटं. सहा वाजून पाच मिनिटांनी हॉटेलच्या मागच्या दाराला चावी लागायची.

हॉटेल परदेशी जेवणाचं. चौदा टेबलं, दिवे मंद, दारावरची पाटी अशा भाषेत की स्वयंपाकघरातल्या एकालाही वाचता यायची नाही. ज्या देशाचं जेवण आम्ही विकत होतो तो देश आमच्यापैकी फक्त वस्तादनं, म्हणजे मुख्य आचाऱ्यानं, पाहिला होता. तो तरुणपणी जहाजावर स्वयंपाकी होता. जहाज त्या देशाच्या बंदरात चार दिवस थांबलं होतं. या चार दिवसांच्या भांडवलावर त्यानं सोळा वर्षं काढली.

पदार्थांची खरी नावं बाहेर, कार्डावर. आत आमची नावं. रुंद पट्ट्या होत्या त्या फिती. बटाट्याचे गोळे म्हणजे गोट्या. सारण भरलेल्या चौकोनी त्या उशा. ताटं न्यायच्या खिडकीतून वेटर ओरडायचा, "चार नंबरला दोन उशा, एक फिती," आणि वस्ताद म्हणायचा, "गादी पण देऊ का?" अकरा वर्षं हाच विनोद. आम्ही अकरा वर्षं हसलो.

आणि एक होतं हिरवं. फितींवर घालायचा हिरवा सॉस. तो काकूंचा.

मी भांडी घासायचो. माझी मोरी आणि काकूंचा ओटा यांत चार हातांचं अंतर, त्यामुळे त्यांचं काम मी जेवढं पाहिलं तेवढं कोणी पाहिलं नाही. रोज तीन किलो पानं यायची, तुळशीसारख्या उग्र वासाची. काकू एकेक पान देठापासून खुडायच्या. काळा ठिपका असलेलं पान बाजूला. मग काजू. ते निवडायला त्या खिडकीशी जायच्या, उजेडात. प्रत्येक काजू उलटा करून बघायचा, वास घ्यायचा. खवट निघाला तर सगळी पिशवी परत. लसूण, मीठ, किसलेलं चीज, तेल. हे सगळं दगडी खलात. खल बावीस किलोचा, बत्ता तीन किलोचा. आधी कुटायचं, मग बत्ता गोल फिरवत वाटायचं. एका घाण्याला पंचवीस मिनिटं, दिवसाला सहा घाणे. मी मोजलेलं आहे. शेठनं एकदा मशीन आणलं होतं. मशीनच्या गरमीनं पानं काळी पडली, हिरवं दिसेनासं झालं. मशीन आठवड्यात गेलं, खल राहिला.

"काकू, जरा हात चालवा, गिऱ्हाईक बसलंय," वस्ताद कधी म्हणायचा.

"बसलंय ना? पळून तर नाही चाललं," काकू म्हणायच्या, आणि बत्त्याचा वेग तोच राहायचा. त्यांना घाई करताना मी पाहिलं नाही. हे पुढं महत्त्वाचं आहे म्हणून सांगून ठेवतो.

काकूंचा नवरा लेक चौथीत असताना वारला. त्यानंतर त्यांनी धोब्याकडे इस्त्री केली, बिस्किटांच्या कारखान्यात खोकी भरली, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी या हॉटेलात आल्या. लेकीला दहावी करून बारावीपर्यंत नेलं. लग्न लावून दिलं. जावई दिसायला नीटनेटका, बोलायला गोड, पण कुठं टिकायचा नाही. मोबाइलच्या दुकानातून काढलं, कपड्यांच्या दुकानातून काढलं. लेक सहावा महिना लागल्यावर आईकडे आली आणि म्हणाली, "आई, यांना कुठंतरी चिकटव."

काकूंनी शेठकडे शब्द टाकला. अकरा वर्षांत त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट. जावई वेटर झाला.

पहिल्याच दिवशी वस्ताद म्हणाला, "जावईबापू आले, ताट मांडा." आणि लगेच, "अरे हो, इथं ताट मांडायचं काम तुमचंच की."

जावई कसनुसा हसला. काकूंनी त्याला बाजूला घेऊन बजावलं, "इथं मी काकू. सगळ्यांची तशी तुझीही. सासू घरी." तो तसंच वागला. काम बरं करत होता. गिऱ्हाइकाशी इंग्रजी बोलायचा, त्यामुळे शेठ खूश. दीडेक महिना सगळं सुरळीत चाललं.

तो मंगळवार होता, दुपारचा दीड. सहा नंबरला एक तरुण आणि त्याची आई बसली होती. जावयानं नंतर सांगितलं, मुलगा पंचविशीचा असेल, आईला कार्ड वाचून दाखवत होता, एकेक पदार्थ समजावून सांगत होता. आईनं फिती निवडल्या, त्यानंही फिती. मग तो जावयाला म्हणाला, सॉसमध्ये नट्स असतील तर मला चालत नाहीत, जरा आत विचारून या.

जावई खिडकीशी आला. हातात तीन ताटं. डोकं आत घालून त्यानं विचारलं, "काकू, हिरव्यात दाणे आहेत का?"

काकूंचा बत्ता फिरत होता. त्यांनी मान वर केली. "दाणे? हिरव्यात दाणे कोण घालतं? नाहीत."

"नक्की?"

"अरे, मी वाटते ना रोज? दाणे नाहीत."

हे मी स्वतः ऐकलं. नळ बंद होता. मी कढई कोरडी करत होतो.

आपल्याकडे दाणे म्हणजे शेंगदाणे. लहान मूलही सांगेल. काजूला कोणी दाणे म्हणत नाही. काकूंना जे विचारलं त्याचं त्यांनी खरं उत्तर दिलं. हिरव्यात दाणे नव्हते. काजू होते.

दहा मिनिटांनी बाहेर खुर्ची पडली. मग बाईमाणसाचा आवाज, तोच तोच, मुलाचं नाव घेत. वस्ताद धावला. मी खिडकीतून पाहिलं. तो जमिनीवर होता, ओठ सुजलेले, दोन्ही हात गळ्याशी. कोणी पाणी आणलं, कोणी वारा घातला. ॲम्ब्युलन्स यायला अठरा मिनिटं लागली. पाचच्या आधी हॉस्पिटलमधून शेठला फोन आला. शेठनं फोन खाली ठेवला आणि सांगितलं, गेला.

स्वयंपाकघरात आम्ही चौघं होतो. वस्ताद, जावई, काकू आणि मी. गॅस बंद केलेले.

शेठ म्हणाला, "डॉक्टर म्हणतो नट्स पोटात गेले. कुठून गेले?"

काकूंनी ओट्यावरच्या काजूच्या डब्याकडे पाहिलं. "काजू," त्या म्हणाल्या. त्यांचा हात पदराशी गेला आणि तिथंच राहिला.

"विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं," जावई म्हणाला. "मी येऊन विचारलं, नट्स आहेत का. काकू नाही म्हणाल्या."

"दाणे विचारलंस तू," काकू म्हणाल्या.

"तेच ना."

"तेच नाही."

जावयाचं तोंड उघडं राहिलं. त्याला कळलं ते मला दिसलं. आधी त्यानं काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, कारण मी तिथं होतो हे त्याला आठवलं. शेठ दोघांकडे बघत होता. त्याला दाण्यांशी आणि काजूंशी कर्तव्य नव्हतं. तो म्हणाला, "उद्या पोलीस येतील. एक तर यानं नीट विचारलं नाही, नाही तर तुम्ही नीट सांगितलं नाही. दोघांपैकी एक. काय ते सकाळपर्यंत ठरवा. दोघं मिळून माझं हॉटेल बुडवू नका."

आम्ही दोघं चालत परत आलो, काकू आणि मी. पस्तीस मिनिटांनी काकू आमच्या जिन्यापाशी थांबल्या.

"भाऊ, तुम्ही काय ऐकलंत?"

"जे झालं ते. त्यानं दाणे विचारलं, तुम्ही नाही म्हणालात."

"हे सांगितलंत तर त्याच्यावर जाईल."

"खरं तेच आहे, काकू. चूक त्याची. इंग्रजी शब्द मराठीत आणताना त्यानं सांडला."

"चूक त्याची, हे मलाही कळतं. पण आतमध्ये तो गेला तर लेक काय करेल? आठवा लागलाय तिला. बाळंतपण, पोर, नवरा कोर्टात. याला पुन्हा कोण ठेवून घेईल? आत्ताच मुश्किलीनं टिकलाय." त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "मला काय, दोन हात आहेत. कुठंही वाटेन."

"आणि तुम्हाला आत टाकलं तर?"

"टाकतील तेव्हा बघू. तुम्ही एवढंच करा. नळ चालू होता, ऐकू आलं नाही, म्हणा."

मी म्हटलं, मला खोटं जमत नाही. त्या म्हणाल्या, "खोटं माझं. तुमचा फक्त नळ."

दुसऱ्या दिवशी दहाला पोलीस आले. एकानं लिहून घेतलं. काकूंनी सांगितलं, जावयानं नट्स आहेत का असं स्पष्ट विचारलं, मी कामात होते, नीट लक्ष न देता नाही म्हटलं. पोलीस म्हणाला, "काजू घातलेत हे माहीत होतं?" "होतं." "मग नाही का म्हणालात?" "लक्ष नव्हतं." त्यानं लिहिलं. जावई भिंतीला टेकून उभा होता, खाली बघत. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी नट्सच म्हटलं." मग माझी पाळी. मी म्हटलं, नळ चालू होता.

शेठनं त्याच दिवशी काकूंना घरी पाठवलं. खलापाशी दुसरी बाई बसवली. तिचं हिरवं चार दिवसांत खरखरीत निघायला लागलं.

नवव्या दिवशी मुलाची आई आली. पत्ता तिनं पोलिसांकडून काढला असावा. मी दारात बसून चप्पल शिवत होतो. तिनं विचारलं, मी शेजारचं दार दाखवलं. काकूंनी दार उघडलं. दोघी साधारण एकाच वयाच्या. ती आत आली नाही, उंबऱ्यावरच उभी राहिली, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"मला फक्त एक विचारायचंय," ती म्हणाली. "भांडायला नाही आले."

"विचारा, ताई."

"तो चार वर्षांचा असल्यापासून आम्ही सांभाळतोय. कुठंही गेलं की विचारतो. त्या दिवशीही विचारलं. सॉस तुम्ही केलात, काजू तुम्ही घातलेत. तरी नाही म्हणालात. असं कसं झालं? मला समजत नाही. मला ते समजायला हवंय."

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. ते काकूंकडेही होतं आणि माझ्याकडेही. त्या बाईला ते लगेच कळलं असतं, कारण तिच्या घरातही शेंगदाण्यांना दाणेच म्हणत असणार. कोणाला माफ केलं असतं की नाही ते माहीत नाही, पण समजलं असतं. काकूंनी मान वळवून आत पाहिलं. आतल्या कॉटवर लेक झोपली होती. बाळंतपणाला आली होती.

"घाई होती," काकू म्हणाल्या.

"घाई?"

"गिऱ्हाईक खूप होतं. घाईत बोलून गेले."

"चौदातली नऊ टेबलं रिकामी होती," ती बाई म्हणाली. "मी मोजली होती. तो म्हणाला होता, बघ, किती शांत आहे इथं."

काकूंनी हात जोडले. ती बाई त्या जोडलेल्या हातांकडे बघत राहिली. मग "घाई," असं एकदा स्वतःशीच म्हणाली आणि जिना उतरून गेली. सुई माझ्या बोटात गेली होती ती मला नंतर दिसली. मी तिच्या मागे जाऊ शकलो असतो. दोन मजले होते. नाही गेलो.

लेकीला मुलगा झाला. जावयाची नोकरी टिकली. सुरुवातीला तो काकूंसमोर यायचा नाही. नंतर यायला लागला. केस दोन वर्षं चालली, आणि तेवढ्या काळात त्याचा त्या गोष्टीवर विश्वास बसला. एकदा मी कामावर असताना नवीन वेटरला तो समजावत होता, "विचारलं की दोनदा विचारायचं. आमच्या सासूबाईंनी एकदा घाईत नाही म्हटलं, माणूस गेला." वस्तादनं माझ्याकडे पाहिलं. मी नळ सोडला.

लेकीनंही आईला एकदा सुनावलं. तिला खरं कोणी सांगितलं नव्हतं. "तुझ्यामुळे यांना किती ऐकून घ्यावं लागलं," असं म्हणाली. काकू नातवाचे लंगोट पिळत होत्या. त्यांनी तो पिळून दोरीवर टाकला, दुसरा घेतला.

काकूंना पुन्हा स्वयंपाकघरात कोणी ठेवलं नाही. केस चालू असलेली बाई, त्यातून असली केस. त्या एका दवाखान्याच्या फरश्या पुसायला लागल्या. पावणेपाच चुकले नाहीत.

कोर्टानं कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा दिली, आणि दंड. वय, आधीचा गुन्हा नाही, गुन्हा कबूल, म्हणून एवढ्यावर सुटल्या, असं वकील म्हणाला. काकू बाकावर सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत बसल्या. मीही बसलो. एवढा वेळ रिकाम्या हातांनी बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मधे एकदा त्यांची बोटं मांडीवरच्या पदरावर काहीतरी निवडत होती.

इस्त्री, बिस्किटं, खल, फरशी. या सगळ्यांतून त्यांनी जे चार पैसे मागं टाकले होते ते वकील आणि दंड यांत गेले. दंड भरायला खिडकीवर मीच गेलो, कारण त्यांना उठायची परवानगी नव्हती. कारकुनानं पावती फाडून दिली. पावतीवर त्यांचं नाव होतं, तारीख होती, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: निष्काळजीपणा.