पाइनच्या झाडाचा नवरदेव

ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या, मुरा नदीपलीकडच्या आमच्या मुलखात एक रीत आहे. नवीन वर्ष लागल्यापासून ईस्टरआधीचे उपासाचे दिवस सुरू होईपर्यंत गावात एकही लग्न झालं नाही, तर ती गावाची नामुष्की समजतात. मग अख्खं गाव जंगलात जातं, एक उंच, सरळसोट पाइनचं झाड पाडतं, त्याला रंगीत कागदांनी सजवतं, आणि गावातल्याच एखाद्या बिनलग्नाच्या पोराशी त्याचं लग्न लावून देतं. पाद्री खोटा, वऱ्हाडी खोटे, दारू तेवढी खरी. बाहेरच्यांना हा पोरखेळ वाटतो. वाटू दे. आमच्याकडं लोक खरी लग्नं विसरतात, पाइनचं लग्न विसरत नाहीत. उर्बान फ्लिसारला तर ते विसरायची सोयच नाही, कारण ते त्याच्या उजव्या गुडघ्यात मुक्कामाला आहे.

उर्बान हा गेझा गवंड्याचा एकुलता एक. गेझा रोज पहाटे सीमा ओलांडून ऑस्ट्रियात जायचा, परक्यांच्या भिंतींना गिलावा करायचा आणि अंधार पडता घरी यायचा. आयुष्यात त्याला कुणी दोनदा हाक मारली नव्हती. बायको लवकर गेली. पोराला त्यानं अग्निशमन दलाच्या कौलारू इमारतीमागच्या फुटबॉलच्या मैदानावर सोडून दिलं आणि मैदानानं त्याला वाढवलं. तिथं दलाचा प्रमुख श्टेफान चुन्याच्या रेघा मारायचा. आमच्याकडं आग क्वचित लागते, पण लग्न, मयत, जत्रा, सगळं दलच बघतं, म्हणजे श्टेफानच बघतो.

उर्बान फार उंच नव्हता, वाऱ्यासारखा पळणाराही नव्हता. पण चेंडू कुठं पडणार हे त्याला आधी कळायचं. बचाववाले आकाशाकडं तोंड करून उभे असायचे आणि हा पठ्ठ्या जिथं कुणीच नाही तिथं जाऊन गप उभा राहायचा. चेंडू त्याच्याच पायाशी यायचा. एकविसाव्या वर्षी तो पहिल्या लीगच्या क्लबात फॉरवर्ड होता आणि त्या शरद ऋतूत त्यानं गोलांचा सपाटाच लावला. गाव बस करून सामन्याला जायचं. मग एक दिवस लांब कोट घातलेला इटलीतल्या क्लबाचा माणूस स्टँडमध्ये दिसला. तो पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा बोलला. वसंतातले पहिले सामने बघतो, पोरगा असाच खेळला तर उन्हाळ्यात घेऊन जातो, म्हणाला.

तेव्हापासून गेझाच्या घरात इटलीशिवाय विषय नव्हता. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हा.

आता यात नुशाचं काय झालं ते सांगितलं पाहिजे. नुशा गावच्या बालवाडीत शिकवायची. तिचं आणि उर्बानचं ठरलेलं होतं, जानेवारीत लग्न करायचं. गेझा म्हणाला, "कशाला घाई? आधी इटलीचं होऊ दे. मग असं लग्न करू की पार सोबोता शहरापर्यंत बँड ऐकू जाईल." नुशाला ते रुचलं नाही, पण होणाऱ्या सासऱ्याचा मान ठेवून तिनं ऐकलं. गावातली बाकीची पोरं ऑस्ट्रियात, ग्रात्सला नाहीतर व्हिएन्नाला पोट भरायला गेलेली. जानेवारी कोरडा गेला. ती दोघं तेव्हा बोहल्यावर चढली असती तर गावाला पाइन पाडायचं कारणच उरलं नसतं. पण दैव देतं आणि कर्म नेतं.

एका संध्याकाळी श्टेफान गेझाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. उर्बान सुट्टीवर आलेला, नुशाही तिथंच होती.

"गेझा, नवरदेव ठरला," श्टेफान म्हणाला. "तुझा पोरगा."

"अरे, त्याचे सामने तोंडावर आलेत."

"मग? खोडावर बसायचं, एक नाच करायचा, घरी यायचं. पालखीत बसवून नेतोय म्हण ना. सगळ्या मुलखात कुणाच्या पाइनला असला नवरा मिळालाय का? टीव्हीवाले येणारेत, गेझा."

गेझानं तीन पेले काढले. गाव त्याच्या दारात काही मागायला पहिल्यांदाच आलं होतं. त्याचा चेहरा बघून उर्बाननं ओळखलं की बाबांनी मनातल्या मनात हो म्हटलंय.

"माझ्या करारात बर्फावर घसरायला बंदी आहे," उर्बान म्हणाला. "मोटरसायकलला बंदी आहे. झाडाशी लग्न करायला काही बंदी नाही."

सगळे हसले. नुशा हसली नाही.

"प्रशिक्षकांना विचार तरी," ती म्हणाली.

"विचारलं तर नाही म्हणतील."

"म्हणून तर विचार म्हणतेय."

त्यानं विचारलं नाही. बाहेरच्या माणसाला हे मूर्खपणाचं वाटेल, पण आमच्यात गावाला नाही म्हणत नाहीत. एकदा नाही म्हटलं की 'गोल काय मारले, डोक्यात हवाच गेली' हे वाक्य माणसाच्या मागं लागतं, ते थडग्यापर्यंत.

तो रविवार उजाडला तेव्हा रात्री गोठलेलं दव वितळून सगळीकडं चिखल झाला होता. उर्बाननं बापाचा लग्नातला काळा सूट घातला, पॉलिश केलेले गुळगुळीत तळाचे बूट घातले. दोरांना माणसं जुंपली गेली, अॅकॉर्डियन सुरू झालं, बायका पिठाचे तळलेले गोड गोळे वाटत चालल्या. खोडाच्या पुढच्या टोकाला उर्बान, आणि पुढं झगा घालून पाद्री झालेला श्टेफान, बाटलीतून आशीर्वाद शिंपडत.

ओढ्याच्या पुलाआधी उतार आहे. दर वेळी तिथं नवरदेवानं उडी मारून पळायचं, लोकांनी त्याला धरून आणायचं आणि परत झाडावर बसवायचं, ही त्या खेळातली सगळ्यात मोठी गंमत. उतारावर खोडानं वेग घेतला, त्याचं बुंध्याकडचं टोक चिखलात सरकलं आणि ते कुशीवर वळलं. उर्बाननं उडी मारली ती खेळ म्हणून नाही. बूट घसरले आणि त्याचा उजवा पाय खोड आणि पुलाचा खांब यांच्या बेचक्यात सापडला. तो ओरडला.

लोक हसले. का नाही हसणार? नवरदेव ओरडतोच.

"नवरा पळतोय, धरा त्याला," झगेवाला श्टेफान म्हणाला, आणि त्यांनी त्याला बखोटीला धरून काढलं आणि पुन्हा खोडावर बसवलं. तो पांढराफटक पडला होता. तेही लोकांना नाटकच वाटलं, चांगलं करतोय म्हणाले. पुढं कॅमेरा होता, बाजूला बाप दोर ओढत होता, आणि एवढा ताठ चाललेला गेझा कुणी कधी पाहिला नव्हता. उर्बान हसला. चौकात पोचल्यावर फांदीला हात घालून नाचलासुद्धा. मग रिवाजाप्रमाणं खोडाचा लिलाव झाला, ते गेझानंच घेतलं. पोराच्या घराचे वासे याचेच करणार, म्हणाला.

घरी येऊन विजार काढली तर गुडघा पावासारखा फुगला होता. गेझानं ब्रँडीचा बोळा ठेवला, वर कोबीचं पान बांधलं.

"डॉक्टरांना दाखवू या," नुशा म्हणाली.

"क्लबाचा डॉक्टर मशिनीखाली घालेल," उर्बान म्हणाला. "मग ते इटलीला कळेल. मग संपलं."

"मुका मार असेल," गेझा म्हणाला. "सूज उतरेपर्यंत झाकून ठेव. कुणाला बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी श्टेफान खुशाली विचारायला आला. पट्टी बघून म्हणाला, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग." तिघंही हसले. ते हसणं पुढं तिघांनाही कायम आठवत राहिलं.

सूज उतरली. क्लबात त्यानं ब्र काढला नाही. गोळ्या खाऊन सराव केला, वळताना कुठंतरी आत दार नीट लागत नसल्यासारखं वाटायचं, ते कुणाला दिसत नव्हतं. पहिल्या सामन्याला लांब कोट स्टँडमध्ये हजर. मध्यंतरानंतर चेंडू मागून आला. नेहमीसारखा उर्बान एकटाच योग्य जागी होता. समोर फक्त गोलकीपर. उजवा पाय रोवून डाव्यानं मारायचं, एवढंच काम. हे त्यानं गावच्या मैदानावर, चुन्याच्या रेघांत हजार वेळा केलं होतं. त्यानं पाय रोवला आणि पाय राहिलाच नाही. चेंडू सावकाश गोलकीपरच्या हातात गेला. त्याला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्यानं स्टँडकडं पाहिलं. कोटवाला माणूस मफलर गुंडाळत होता.

इस्पितळाच्या डॉक्टरीणबाईंनी गुडघ्याचं चित्र उजेडाकडं धरलं. गेझा टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा.

"गुडघ्यातलं अस्थिबंधन आज तुटलं हे खरं," त्या उर्बानला म्हणाल्या. "पण आधी थोडं फाटलेलं होतं. तेव्हाच आला असतास तर विश्रांतीनं जुळलं असतं. उन्हाळ्यापर्यंत पळायला लागला असतास तू."

बापलेकांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. तेव्हाही नाही, आणि खरं सांगायचं तर नंतरही नीटसं कधी नाही.

पुढचं सगळं उतरणीचं. एक शस्त्रक्रिया, मग दुसरी. क्लबानं वाट पाहिली, नाही असं नाही. तो परत आला तेव्हाही चेंडू कुठं पडणार हे त्याला सगळ्यांच्या आधी कळत होतं, फक्त तो तिथं वेळेवर पोचत नव्हता. याच्यासारखा छळ नाही. आंधळ्याला वाट दिसत नाही, याला दिसायची. बेंच, मग दुसऱ्या लीगचा क्लब, मग करार संपला आणि कुणी नवा पुढं केला नाही.

नुशा बराच काळ राहिली. तो दिवसा खिडक्या लावून पडून राहायचा, जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणायचा. एकदा तिनं विचारलं, "आपण आता तरी लग्न करायचं का?" तो म्हणाला, "लंगड्याशी?" तिनं पुन्हा विचारलं नाही. पुढं ती ग्रात्सला गेली आणि तिथंच तिनं लग्न केलं. ग्रात्समधलं लग्न आमचं गाव जमेला धरत नाही.

मग त्यानं तेच केलं जे आमच्याकडची मोडकी पोरं करतात. सीमेपलीकडच्या ऑस्ट्रियन खेड्यातल्या संघाकडून शनिवारी खेळायचं. तिथले लोक भले, सामन्यानंतर पैसे देतात, वर बिअर आणि भाजलेलं सॉसेज. जाडजूड शेतकरी त्याला "प्रोफेसर" म्हणायचे, ते प्रेमानंच, पण त्याला ते लागायचं. आठवडाभर तो बापाच्या गाडीतून गिलाव्याला जायचा. गाडीत दोघं रेडिओ ऐकायचे. अंगणात ते पाइनचं खोड पडलेलं, ताडपत्री फाटून बुरशी धरलेलं. त्याचे वासे व्हायचे होते. गेझा त्या खोडाकडं न बघता गाडी लावायला शिकला होता.

गेल्या शरदात गुडघा तिथंही गेला, एका चिखलाच्या मैदानावर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी. डॉक्टर म्हणाले, आता पुरे. उर्बाननं कुणाला सांगितलं नाही. गाडीत सिमेंटच्या पोत्यांखाली त्याचे खेळायचे बूट सापडले, तेव्हा गेझाला कळलं. गेझा गाडीमागं उभा राहून रडला आणि मग माल उतरवायला लागला.

आणि यंदा जानेवारीत पुन्हा गावात लग्न झालं नाही.

श्टेफान दारात आला. या वेळी आत येऊन बसला नाही.

"तुझ्या पोराशिवाय गावात बिनलग्नाचं असं कुणी उरलेलंच नाही," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "मी नको म्हणत होतो. दलातले म्हणाले, निदान विचारून ये."

"चालता हो," गेझा म्हणाला. "माझ्या दारात पुन्हा पाय ठेवलास तर बघ."

"थांबा, बाबा," आतून उर्बान म्हणाला. तो लंगडत पुढं आला. "मी बसतो, श्टेफानकाका. आता विचारायला प्रशिक्षकच नाही."

गेझानं त्याच्याकडं पाहिलं. मग तो दारातून बाजूला झाला.

त्या रविवारीही चिखल होता. तोच सूट, तेच बूट. जंगलातून निघेपर्यंत अॅकॉर्डियन वाजत होतं. उताराच्या तोंडाशी ते आपोआप थांबलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण बायकांनी तळलेल्या गोळ्यांच्या टोपल्या कडेला ठेवल्या आणि येऊन खोडाला हात लावले. दलाची माणसं दोन्ही बाजूंनी खांदे देऊन उभी राहिली. मागून दोर ताणून धरले गेले. गेझानं स्वतःचा दोर सोडला, खोडाशी आला आणि पोराचा उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरला. खोड इंचाइंचानं उतरायला लागलं. मयत नेतानासुद्धा आमच्याकडं लोक एकमेकांशी कुजबुजतात. इथं तेही नव्हतं.

उर्बाननं वरून सगळ्यांकडं पाहिलं. एवढे हात. तेव्हाही हे सगळे हात इथंच होते.

"श्टेफानकाका," तो म्हणाला, "इथं म्हणायचं असतं ना, नवरा पळतोय, धरा त्याला?"

श्टेफाननं झगा सावरला आणि खोडाला खांदा दिला.

"हसा की," उर्बान लोकांना म्हणाला. "आता काय मोडायचं राहिलंय?"

कुणी हसलं नाही. पूल आला आणि मागं गेला. खोड केसभरही कललं नाही, आणि गेझानं गुडघा सोडला नाही.