मागच्या बाजूची खूण

माझ्या थोरल्या भावाला फाउंड्रीतले लोक ‘अर्धसूत’ म्हणत. लाकडी साच्यात अर्ध्या सुताची, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाची चूकही त्याला खपत नसे, म्हणून हे नाव पडले. त्याला त्याचा राग नव्हता. उलट दुसरा कोणी ‘सूतभर इकडेतिकडे चालेल’ म्हणाला, की तो खोलीतून उठून जाई. विसाव्या वर्षापासून त्याने ओतकामाचे साचे घडवले, आणि फाउंड्री बंद पडली तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती. या वयात माणसे घरी बसून दुसऱ्यांच्या चुका काढतात. दादा संगणक शिकला.

हे मी कौतुकाने लिहीत आहे, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. कौतुक होते, ते गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी संपले. परंतु विमा कार्यालयात सत्तावीस वर्षे मी लोकांचे दावे तपासले आहेत, आणि राग आला म्हणून नोंद बदलण्याची मला सवय नाही.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने सीएनसी राउटर बसवला. पलंगाएवढे टेबल, त्यावर पुढे-मागे सरकणारा एक लोखंडी पूल, पुलाला लटकलेले फिरते पाते. संगणकात जी आकृती भरावी ती हे पाते लाकडात कोरून काढते. दादा त्यावर जुन्या मोटारींचे लाकडी भाग करू लागला: डॅशबोर्ड, दरवाजावरच्या पट्ट्या, गिअरच्या मुठी. कारखान्यातून एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन मोटारीसुद्धा तीस-चाळीस वर्षांत वेगवेगळ्या होतात, असे तो म्हणे. त्यामुळे पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन तो स्वतः मोटारीत जाऊन बसे, पुठ्ठा कापून कापून जागेवर बेतून बघे, आणि मगच आकृती संगणकात भरे.

डॅशबोर्डसाठी तो प्लायवूडची फळी घेई आणि तिच्या दर्शनी बाजूला अक्रोडाचा पातळ थर, म्हणजे व्हिनियर, चिकटवी. मग फळी उलटी करून मागच्या बाजूलाही तसाच थर देई. ही बाजू मोटारीत कायमची झाकली जाते. वहिनींचा धाकटा भाऊ एकदा हे पाहून म्हणाला, “भावोजी, मागचं कोण बघतंय?”

“ऊन बघतं,” दादा म्हणाला. “एकाच बाजूला थर दिला की तो फळीला आपल्याकडे ओढतो. फळी वाकते, आणि मीटरच्या भोकापाशी तडकते. दोन्हीकडून ओढ असली की सरळ राहते.”

“म्हणजे तुमचं आणि ताईचं आहे तसं.”

“आमच्यात ओढते ती एकटीच. मी फळी.”

आतल्या खोलीतून वहिनी म्हणाल्या, “ऐकू येतंय हो.”

असे दिवस होते. हा मेहुणा मोटारींच्या सजावटीच्या सामानाचा धंदा करी. गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दादाला काम आणून देणारा तोच, आणि हे मी नाकारणार नाही. मात्र पुढे जे घडले त्याचे मूळही त्याच्याच एका सूचनेत आहे.

दादाची एक खूण होती. सुतार काटकोन तपासायला जो गुण्या वापरतात, त्याचा नखाएवढा आकार. काम पूर्ण झाले, पॉलिश वाळले, फळी दोन दिवस उन्हात ठेवून पारखली, की सर्वांत शेवटी तो तापवलेल्या शिक्क्याने मागच्या बाजूला ती खूण उठवी. मनाला पटले नाही तर शिक्का थंडच राही आणि फळी मोडीत जाई. मेहुणा म्हणाला, “जग कुठे चाललंय, आणि तुम्ही लोखंड तापवत बसलाय. आकृतीतच घाला ना खूण. मशीन कोरेल.” दादाने आठवडाभर विचार केला आणि खूण संगणकात भरली. तेव्हापासून फळीचा निकाल लागण्याआधीच तिच्या पाठीवर त्याची खूण उमटू लागली. मी त्या वेळी हजर होतो. मला ते खटकले, पण मी बोललो नाही.

पुढे वर्षभराने मेहुण्याचे येणे विरळ झाले, मग थांबले. त्याने शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचे मशीन टाकल्याचे कानावर आले. दादा म्हणाला, “करू दे. पोट प्रत्येकाला आहे.”

त्यानंतर एक निवृत्त मुख्याध्यापिका शेडच्या दारात आल्या. त्यांच्या हातात चादरीत गुंडाळलेला डॅशबोर्ड होता. धनुष्यासारखा वाकलेला, आणि मीटरच्या भोकापासून कडेपर्यंत तडा गेलेला. “वडिलांची मोटार आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या नावावर विसंबून तुमच्या मेहुण्यांकडून घेतला. चार महिने टिकला नाही.”

दादाने ती मोटार कधी पाहिलेलीच नव्हती. त्याने फळी उलटी केली. मागे उघडे प्लायवूड, आणि त्यात कोरलेला गुण्या. त्याने त्या खुणेवरून अंगठा फिरवला आणि बाईंना बसायला स्टूल दिले. पुढच्या दोन महिन्यांत ही धरून अशा अकरा तक्रारी जमा झाल्या.

जुन्या मोटारींच्या मालकांचा एक संघ आहे. विश्वासू कारागिरांची एक यादी तो दरवर्षी छापतो, आणि दादाकडे येणारे जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक ती यादी वाचून येई. संघाने खुलासा मागवला. खुलासा पटला नाही तर नाव यादीतून जाणार होते. दादा संध्याकाळी माझ्याकडे आला आणि म्हणाला, “तुला कागदाची भाषा येते. तू लिही.”

मी लिहिले. खुलासा म्हणून मेहुण्याविरुद्धची तक्रारच, चौदा कलमांची. मेहुण्याने आकृत्यांच्या फाइली चोरल्या, मागचा थर जाणूनबुजून गाळला, आणि दादाच्या नावाने माल खपवला. प्रत्येक कलम मी दादाला वाचून दाखवले, आणि प्रत्येक कलमाला तो “बरोबर” म्हणाला. तक्रारदार म्हणून सही माझी, कारण चारचौघांत बोलणे त्याच्या जिवावर येते.

संघाचे अध्यक्ष दंतवैद्य. रविवारी सकाळी त्यांच्या दवाखान्यावरच्या सभागृहात तीसेक माणसे जमली. मी उभा राहून सगळे वाचले. पुरावा म्हणून दादाच्या हातचा एक डॅशबोर्ड आणि तडकलेला डॅशबोर्ड, दोन्ही टेबलावर पालथे ठेवले. एकाच्या पाठीवर अक्रोड होता, दुसऱ्याच्या पाठीवर नव्हता. लोक पुढे येऊन बघू लागले, माना डोलवू लागले.

मेहुण्यालाही संघाने बोलावले होते. तो शांतपणे उठला. “माल माझ्याकडचा आहे, मान्य. पण चोरी हा शब्द मागे घ्या. फाइली मला ताईने दिल्या, तिच्या हाताने. बोलवा तिला आणि विचारा.”

अध्यक्षांनी दादाकडे पाहिले. “मग त्यांना बोलवावं लागेल. घर जवळच आहे ना?”

दादा उभा राहिला. त्याने तडकलेली फळी उचलली. “ही खूण माझी आहे,” तो म्हणाला. “मीच ती मशीनमध्ये भरली. जिच्यावर माझी खूण, ती फळी माझी. सगळ्या अकरा नव्याने करून देईन. तिला बोलवायची गरज नाही.”

“आणि ही तक्रार?” अध्यक्षांनी माझा कागद वर धरला. “यात तर वेगळंच लिहिलंय.”

“ते भावाने रागाच्या भरात लिहिलं,” दादा म्हणाला.

तीस माणसांनी माझ्याकडे पाहिले. आयुष्यभर खोटे दावे पकडणारा मी, त्या सकाळी खोटा दावा घेऊन आलेला माणूस ठरलो. मेहुण्याने खाली बसताना रुमालाने कपाळ टिपले. दादाचे नाव यादीतून गेले, आणि मला संघाकडून लेखी समज मिळाली.

वहिनींना मी त्याच दुपारी विचारले. त्यांनी काही लपवले नाही. “तो म्हणाला, मशीन बिघडलं तर भावोजींची सगळी मेहनत जाईल, एक प्रत माझ्याकडे असू दे. मला ते शहाणपणाचं वाटलं. मी आले असते हो तिथे, सांगितलं असतं सगळं. पण यांनी बोलावलंच नाही.”

मी शेडमध्ये गेलो. मुख्याध्यापिकाबाईंच्या मोटारीचा पुठ्ठा टेबलावर होता, आणि दादा व्हिनियर कापत होता.

“चौदाही कलमांना तू बरोबर म्हणाला होतास,” मी म्हणालो.

“बरोबरच होती.”

“मग?”

“तिला तीस माणसांपुढे उभं करून सख्ख्या भावाविरुद्ध बोलायला लावायचं? फसली ती. आता तिचाच तमाशा करायचा का?”

“सख्खा भाऊ मीही आहे, दादा. मला उभं केलंसच की.”

त्याची सुरी थांबली. “तू सोसशील असं वाटलं,” तो म्हणाला.

हे त्याने प्रेमाने म्हटले असावे. कुणाला सोसायला लावायचे हे ठरवताना त्याने घरातला सर्वांत जवळचा माणूस निवडला, एवढेच मला त्यात ऐकू आले.

त्याने फळीला सरस फासला. रुंद थर एकट्याला सरळ बसवता येत नाही. दुसरे टोक कोणीतरी ताणून धरावे लागते. फाउंड्री सुटल्यापासून ते टोक मीच धरत आलो होतो.

“धर रे जरा,” तो म्हणाला, मान वर न करता.

मी तिथेच उभा राहिलो. सरस वाळू लागला होता. तो क्षणभर थांबला, मग त्या टोकावर एक जड वजन ठेवून दुसऱ्या बाजूने स्वतःच थर दाबत गेला. मधोमध एक बारीक सुरकुती राहिली. ती त्याला दिसली आणि मलाही दिसली. त्याने तो थर फाडून काढला आणि नवा कापायला घेतला. मी घरी निघून आलो.