मशीनवरचं लाल कार्ड

गडचांदुरात कुणाला सांगून बघा, की माझ्या घरात खोली गरम करायचं मशीन आहे. समोरचा आधी हसतो, मग विचारतो, "काऊन बाई, एप्रिल-मे कमी पडते का तुमाले?" त्याचं तरी काय चुकलं? आमच्याकडचा उन्हाळा माणसाला भाजून काढतो. हिवाळ्याचा बंदोबस्त म्हणजे एक स्वेटर आणि अंगणातली शेकोटी. पण जानेवारीतले पंधरा-वीस दिवस अशी थंडी पडते, की सकाळी फरशीवर पाय ठेववत नाही. लोकांना ते दिवस मजेचे वाटतात. माझ्या मुलाला नाही, कारण त्याला सिकल आहे.

या आजाराचं नाव आमच्या जिल्ह्यात लहान पोराला विचारलं तरी माहीत असतं. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, थंडी लागली की नसांत अडकून बसतात, आणि हाडांतून अशी कळ उठते की धडधाकट माणूस गडाबडा लोळतो. मी बत्तीस वर्षं नर्स होते, त्यातली बरीच जिवतीच्या पहाडावरच्या उपकेंद्रांमध्ये. किती जणांच्या बोटाला सुई टोचून रक्त घेतलं, त्याची गणती नाही. लग्नाच्या पोरापोरींना समोर बसवून मी ठणकावून सांगायची, अर्धं आईकडून येतं, अर्धं बापाकडून. दोन अर्धी एकत्र आली की लेकराला पुरता आजार. माझं स्वतःचं लग्न झालं तेव्हा ही तपासणी इकडे पोहोचलीच नव्हती. मुलगा दोन वर्षांचा असताना त्याची बोटं सुजली, तेव्हा आम्ही तिघांनीही रक्त दिलं. अर्धं नवऱ्याचं निघालं, अर्धं माझं. रिपोर्ट मीच आणला, मीच वाचला आणि घडी घालून ट्रंकेत तळाशी ठेवला. नवऱ्याला एवढंच सांगितलं, की लेकराच्या रक्तात दोष आहे. साऱ्या पहाडाला समजावणारी मी, घरात मात्र गप्प बसले.

गप्प बसले असते तरी बरं होतं. तीन हिवाळ्यांपूर्वी मुलगा नागपूरहून सुट्टीला आला आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचं दुखणं उठलं. मी गरम पाणी पाजत होते, पाय शेकत होते. नवरा दाराशी नुसता उभा. त्याचं ते उभं राहणं मला सहन झालं नाही. माझा पारा चढला आणि मी बोलून गेले, "तुमच्या घराण्यातलं दुखणं आहे हे. भोगून मात्र माझं लेकरू राह्यलं." मुलगा डोळे मिटून पडला होता, पण जागा होता. नवरा चपला घालून बाहेर गेला, आणि आठवडाभरात मुलाच्या खोलीच्या भिंतीवर ते मशीन बसलं.

दिसायला साधा एसी. पण हा उलटाही चालतो. उन्हाळ्यात खोलीतली गरमी बाहेर टाकतो आणि हिवाळ्यात बाहेरच्या हवेतली ऊब गोळा करून आत आणतो. एवढ्या गारठ्यात बाहेर ऊब कुठली, असं मी विचारलं, तर नवरा म्हणाला, "सिस्टर, तुले नाई समजन. असते. थोडी थोडी असते." तो मला घरातही सिस्टरच म्हणायचा.

तो खाणीवरच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता. तिथला नियम असा, की मशीन बंद ठेवायचं असलं की स्विचला एक लाल कार्ड लटकवायचं. छापील अक्षरं असतात, "काम चालू आहे. स्विच लावू नये." आणि ज्यानं कार्ड लावलं त्यानंच ते काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. नाहीतर आत हात घातलेला माणूस आतच राहायचा. निवृत्त झाल्यावर बहुतेक लोक घड्याळ घेऊन घरी येतात, हा कोऱ्या लाल कार्डांचा गठ्ठा घेऊन आला. मग मिक्सरला कार्ड, गिझरला कार्ड. एकदा तापात पडला होता तेव्हा मी चिडून त्याच्याच खाटेला एक लटकवलं होतं. तो दिवसभर हसत होता.

मागच्या मार्चमध्ये तो गेला. अंगणात दाढी करता करता छातीत दुखलं, चंद्रपूरला पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नर्स असून मला काही करता आलं नाही.

त्यानंतर मुलगा तीनदा आला. तिन्ही वेळा सकाळच्या गाडीनं येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. डिसेंबरात दोनदा दुखणं उठलं, तेही मला मागाहून कळलं. मी घरात एकटी. शेवटी शेवटी तर मी टीव्हीवरच्या बातम्यांवाल्याशी वाद घालायला लागले होते. मग जानेवारीत फोन आला. "आई, सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी आहे. शनिवारी येतो. खोली गरम असन तं राहीन सोमवारपर्यंत. नाई तं डाक्टरनं थंडीचं बजावलं आहे, संध्याकाळी वापस जाईन."

म्हणजे सगळं त्या मशीनवर आलं. मंगळवारी मी वर्षभरानं त्या खोलीत जाऊन स्विच लावला. उन्हाळ्यात ते मी चालवलंच नव्हतं. एकट्या बाईसाठी कशाला, मी बाहेरच्या खोलीत कूलरपुढे झोपत होते. रिमोटवर सूर्याचं चित्र आणलं, तीस आकडा ठेवला आणि मशीनखाली उभी राहिले. बराच वेळ काहीच नाही. मग हवा आली, ती गार.

बत्तीस वर्षं मी रोगी तपासलेत. हाही तपासला. रिमोटचे सेल बदलले. आतल्या जाळ्या काढून धुतल्या. मोरीत राखेसारखं पाणी वाहिलं. हवेची पट्टी वर होती ती खाली वळवली, कारण गरम हवा वर छताशी जाऊन बसते हे मलाही कळतं. खिडकीच्या फटीत कापडाच्या चिंध्या कोंबल्या. मग घरातलं थर्मामीटर हवेपुढे धरलं. त्यावर नुसतं ‘लो’ उमटलं. वर स्लॅबवर मशीनचा बाहेरचा भाग घुमत होता, ते खाली ऐकू येत होतं. नाडी लागते आहे आणि अंग गार, असा रोगी मी फार वेळा पाहिलाय. तिथे काय करायचं ते मला माहीत होतं, इथे नव्हतं. दहा मिनिटं झाली की हिरवा दिवा लुकलुकायचा आणि सगळं बंद पडायचं.

बुधवारी मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "बाई, थंडीत एसी काऊन लावून राह्यल्या तुमी?" मी सांगितलं. तो म्हणाला, "गॅस संपली असन. पन आता मानसं नाई माह्याजवळ, सारे लग्नाच्या मांडवाच्या कामाले गेले. मार्चमंधी पाहू." मी म्हटलं, मार्चमध्ये मी त्यात पापड वाळवू का? तो हसला आणि फोन ठेवला. गुरुवारी पुन्हा लावला तर त्यानं उचललाच नाही. त्या दिवशी मी जेवले नाही. मुलाच्या गादीवर बसून राहिले आणि मनाशी ठरवलं, की त्याला येऊ नकोस असं आपणच सांगावं. संध्याकाळच्या गाडीत त्याला बसवून देण्यापेक्षा ते बरं. फोन हातात घेतलासुद्धा. मग वाटलं, कंपनीच्या नंबरावर एकदा बोलून बघू.

कंपनीवाली मुलगी गोड आवाजात म्हणाली, वॉरंटी कार्डावरचा नंबर सांगा. ते कार्ड नवऱ्याच्या पत्र्याच्या डब्यात. तो डबा मी वर्षभर उघडला नव्हता, फक्त एकदा किलकिला केला होता. दिवाळीच्या आधी घराला रंग दिला, तेव्हा रंगवाल्यानं एसीच्या स्विचला लटकलेलं एक लाल कार्ड काढून माझ्या हातात दिलं होतं. त्यावर काय छापलंय ते मला पाठ, म्हणून न वाचताच मी ते डब्यात टाकलं होतं.

आता ते सगळ्यात वरच होतं. उचलून बाजूला ठेवताना उलटं झालं. मागे बॉलपेननं त्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "वर कव्हर घातलं आहे. मला विचारल्याशिवाय चालू करू नये." खाली सही, फेब्रुवारीतली तारीख.

फोनमधून ती मुलगी हॅलो हॅलो करत होती. मी फोन बंद केला.

शुक्रवारी दुपारी स्विच बंद करून मी स्लॅबवर चढले. गुडघ्यांमुळे लोखंडी जिना बसत बसत चढावा लागला. तो गेल्यापासून मी वर पाऊल ठेवलं नव्हतं. टाकीमागे ते मशीन होतं, चारही बाजूंनी झाकलेलं. आमच्या गावात धूळ एवढी, की माणसं गाडी झाकतात, टाकी झाकतात, कूलर झाकतात. थंडी सरल्यावर त्यानं सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, उसवून, छापील बाजू आत घेऊन, हातानं शिवून हे कव्हर केलं होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी काढायचं म्हणून. बिचारं मशीन चार दिवस त्या गोणीत नाक दाबून श्वास घेत होतं. कव्हराची एक कड उचलून पाहिलं, तर मागच्या जाळीवर पांढरा बर्फ. गडचांदुरात, माझ्या स्लॅबवर, बर्फ!

नायलॉनच्या दोरीला सहा गाठी होत्या. विळी आणली असती तर एका मिनिटाचं काम होतं. पण मी खाली बसले आणि गाठींना हात लावायच्या आधी मोठ्यानं म्हणाले, "विचारून राह्यली आहे मी. काढू का?"

आयुष्यभर मी त्या माणसाला हुकूम सोडले. हे आणा, ते ठेवा, इथे सही करा. विचारलं असं काही आठवेना. त्या सकाळी जे बोलले, ते लागलं का, हेही कधी विचारलं नाही. अर्धं माझं होतं. हे मी स्लॅबवर बसून, टाकीकडे तोंड करून, पहिल्यांदा तोंडानं बोलले. मग रडले, चांगली हमसून रडले. मग एकेक गाठ नखांनी सोडवली. ऊन उतरेपर्यंत बसले होते.

खाली येऊन स्विच लावला आणि या वेळी नुसती थांबले. दहाएक मिनिटांनी हवेची पट्टी आपोआप हलली आणि माझ्या तोंडावर ऊब आली. थर्मामीटर धरलं तर शंभर! रोग्याला असता तर गोळी दिली असती.

शनिवारी मुलगा आला. संध्याकाळची गाडी निघून गेली तेव्हा तो खोलीत होता, स्वेटर काढून, बाह्या मुडपून, चहा पीत. मी दारात उभी होते, बरोबर त्या जागी, जिथे त्याचा बाप उभा होता. म्हटलं, "एक सांगायचं होतं. तुझं दुखणं बाबांच्याच घरातलं नाही. अर्धं माझ्याकडून आलं."

त्यानं मान वर केली नाही. "मले मालूम आहे आई. बारावीच्या पुस्तकात होतं."

"मग बाबांना?"

"त्याईलेही मालूम होतं. मीच दाखवलं होतं तवा. म्हने, तुझ्या आईले काई बोलू नोको, तिले लागन."

म्हणजे त्या सकाळी मी जे बोलले, ते खोटं आहे हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. आणि दोघं गप्प राहिले होते. मी स्वयंपाकघरात गेले आणि पीठ मळायला घेतलं. कणकेत पाणी जास्त झालं, तरी मळतच राहिले.

मुलगा सोमवारपर्यंत राहिला. दुखणं उठलं नाही. जाताना म्हणाला, पुढच्या हिवाळ्यात येईन. मी म्हटलं, मधल्या उन्हाळ्यानं तुझं काय बिघडवलंय? तो हसला, बापासारखा. गाडी वळेपर्यंत मी हात हलवत होते.

फेब्रुवारीत मी पुन्हा जिना चढले आणि ते कव्हर घालून आले. त्याच्यासारख्या गाठी जमल्या नाहीत, कशातरी मारल्या. मग डब्यातून एक कोरं लाल कार्ड काढलं. हात आपोआप "मला विचारल्याशिवाय" असं लिहायला निघाला होता. ‘मला’ लिहूनही झालं. मग ते खोडलं. मुलगा कधी येईल तेव्हा विचारायला या घरात माणूस असेलच, असं थोडंच आहे? खाली मोठ्या अक्षरात लिहिलं आणि स्विचला लटकवलं, "आधी वर जाऊन कव्हर काढ. मग चालू करून दहा मिनिटं थांब. गरम हवा येते."